साडेपाचचा खोकला

जावयाने मला पहिल्यांदा फैलावर घेतलं ते फोनवरून, सकाळी सव्वानऊला. माझी नात तेव्हा पाच दिवसांची होती.

"आई, खोलीत आत्ता नक्की काय चाललंय? चारशे बारा दाखवतंय."

सलिल होता ठाण्याला, कोलशेतच्या त्याच्या बाराव्या मजल्यावर. मी होते डोंबिवलीला, मानपाडा रोडच्या आमच्या घरात, हातात नातीचं दुपटं घेऊन. मधे वीस किलोमीटर तरी असतील, पण माझ्या घरात धूर झाला हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. मी म्हटलं, काही नाही, बाळाला न्हाऊ घातलंय. तो म्हणाला, न्हाऊ घातल्यावर चारशे बारा होत नाही. मी फोन ठेवला आणि त्या यंत्राकडे असं पाहिलं, जसं मी तीस वर्षं वर्गातल्या चुगलखोर मॉनिटरकडे पाहत आले.

यंत्र म्हणजे हवा शुद्ध करण्याचं मशीन. दळणाच्या मोठ्या डब्याएवढं, पांढरंशुभ्र, डोक्यावर आकडा आणि आकड्याभोवती दिव्याची रिंग. हवा चांगली असेल तर हिरवी, वाईट असेल तर लाल. तो आकडा त्याच वेळी सलिलच्या मोबाइलवर उमटायचा. आणि लाल झालं की ते असं घोंघावायचं की शेजारच्यांनी विचारावं, मिक्सर बिघडला का.

ते आमच्याकडे आलं अटीवर. माझी लेक आसावरी सातव्या महिन्यात असताना सलिलने विषय काढला होता की बाळंतपण कोलशेतलाच करू, डोंबिवलीची हवा वाईट आहे, एमआयडीसी जवळ आहे. मी सांगितलं, पहिलं बाळंतपण माहेरी. माझ्या आईने माझं केलं, तिचं तिच्या आईने केलं. दोन आठवडे वाटाघाटी चालल्या आणि शेवटी तो चाळीस दिवसांना तयार झाला. मात्र मशीन बाळाच्या खोलीत चोवीस तास चालू राहील आणि आकडे वाईट दिसले तर तो दोघींना घेऊन जाईल, मग मी वाईट वाटून घ्यायचं नाही. हे त्याने इतक्या नम्रपणे सांगितलं की मला भांडताही आलं नाही.

चाळीस दिवस. मला तेवढेच हवे होते. लग्नाला सहा वर्षं झाली तरी आसावरी आमच्याकडे यायची ती रविवारी बाराला आणि जायची चारला, ट्रॅफिक लागायच्या आत. जेवायचं, आवरायचं, निघायचं. रजा संपली की पुन्हा तेच होणार आणि नातही चारला निघणाऱ्यांत जमा होणार, हे मला दिसत होतं. म्हणून हे चाळीस दिवस मी कोणाला हात लावू देणार नव्हते, मशीनला तर नाहीच.

आणि चीड कशाची यायची सांगू? मी शाळेत विज्ञान शिकवायचे. श्वसनसंस्था हा माझा हातखंडा धडा. फुग्याची फुप्फुसं करून दाखवायचे मी पोरांना. आणि मला हा मुलगा फोनवर समजावतोय की धुराचे बारीक कण फुप्फुसात खोल जातात.

धूर होता शांताबाईंचा. शांताबाई आमच्या पलीकडच्या गावठाणातल्या. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, मी माहेरहून परतल्यावर आसावरीलाही त्यांनीच न्हाऊ घातलेलं. अंघोळ झाली की लोखंडी शेगडीत करवंटीचे निखारे, त्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणीची सालं. खोलीचं दार लावायचं, आसावरीच्या खाटेखाली शेगडी सारायची आणि बाळाला दुपट्यात गुंडाळून धुरीवरून फिरवायचं. त्या धुरीनंतर ती पोरगी तीन-तीन तास झोपायची. आसावरीही झोपायची. हे काही मी मनचं सांगत नाही, घड्याळ लावून पाहिलंय.

मशीन ओरडायला लागलं तेव्हा शांताबाईंनी त्याच्याकडे मान वाकडी करून पाहिलं. सलिलचं म्हणणं मी त्यांच्या कानावर घातलं. त्या हसल्याच.

"माज्या हाताखाली दोनशे पोरां मोठी झाली गो बाय," त्या म्हणाल्या. "ही पेटी कोनाला मोठी करते ता बगू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, तेव्हा चारशे चाळीस होतं. तिसऱ्या दिवशी त्याने आसावरीलाच फोन लावला. ती बिचारी रात्रभर जागलेली, त्याला हो-हो म्हणाली, फोन उशीखाली सारला आणि मला म्हणाली, "आई, तुम्ही दोघं काय ते ठरवा. मला फक्त झोपू द्या." हिला धुरी हवी होती, त्याला आकडा हवा होता, मला दोघी हव्या होत्या. मधल्या मधे मीच पिचत होते.

मग मी मार्ग काढला. धुरीच्या आधी मशीन उचलून मागच्या खोलीत न्यायचं, तिथे चालू करायचं आणि तासाभराने खोली निवळली की परत आणायचं. सलिलच्या मोबाइलवर आकडा येतो, खोली येत नाही. आसावरीला सांगितलं तर ती म्हणाली, चालेल. वजन माझ्याच्याने उचललं जात नव्हतं, म्हणून ने-आण माझे यजमान करायचे.

यजमानांची ओळख करून द्यायची राहिली. सुधीर. जन्म गेला एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत, तिन्ही पाळ्यांमध्ये. पाळीवरून अवेळी आल्यावर माझी झोपमोड नको म्हणून ते मागच्या छोट्या खोलीत झोपायला लागले आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी तिथेच झोपतात. माणूस कमी बोलणारा. दिवसातला त्यांचा सगळ्यात मोठा आवाज म्हणजे पहाटे साडेपाचचा खोकला. चांगला पाच-सात मिनिटं चालायचा. तो ऐकून मी उठायचे आणि चहा टाकायचे. खालच्या मजल्यावरच्या मनाली तर म्हणायच्या, काकांमुळे मला गजर लावावा लागत नाही. खासगी कंपनीत पेन्शन नसतं, आम्हाला हे मिळालं, असं ते स्वतःच सांगायचे. डॉक्टरांना एकदा दाखवलं होतं. त्यांनी औषध दिलं आणि विचारलं, कुठे नोकरीला होतात? कंपनीचं नाव ऐकून त्यांनी मान हलवली. आम्हीही हलवली. विषय संपला.

तर ने-आण दोन दिवस झाली. मग बाराव्या दिवशी बारसं आलं. घरात पाहुणे, पाळणा, घुगऱ्या. नातीचं नाव ठेवलं दिशा. त्या गडबडीत मशीन मागच्या खोलीतच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी सुधीरना म्हटलं, आणून ठेवा बरं जागेवर. ते म्हणाले, रोज कुठे ने-आण करतेस, राहू दे की इथेच, उद्या सकाळी पुन्हा न्यायचंच आहे. आसावरीनेही री ओढली, म्हणाली की त्याची घरघर नसली की बाळ दचकत नाही. मला तरी कुठे नको होतं? राहिलं ते तिथेच.

त्याच संध्याकाळी सात वाजता फोन.

"आई, आता तीनशे! आता तर अंघोळ पण नाहीये."

मी तोंडाला येईल ते सांगितलं, फोडणी करपली म्हणाले. दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा तेच. तेव्हा म्हटलं, सोसायटीत डासांसाठी फवारणी चालू आहे. फोन ठेवून तरातरा मागच्या खोलीत गेले, तर दार-खिडकी बंद, कोपऱ्यात ताटलीत डासांची उदबत्ती जळतेय, ती हिरवी गुंडाळी, आणि मशीन लालेलाल होऊन किंचाळतंय. सुधीर शेजारी शांतपणे पेपर वाचत होते. मागे नाला आहे, डास फार. दिवेलागणीला ते उदबत्ती लावायचे आणि दार लावून बसायचे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वर्षानुवर्षं चालू होतं, म्हणूनच डोळ्यांपुढे असून दिसत नव्हतं.

मी म्हटलं, आजपासून हे बंद. ते म्हणाले, डास? मी म्हटलं, मच्छरदाणी. माळ्यावरून जुनी मच्छरदाणी काढली, खिळे ठोकून दिले, उदबत्तीची पाकिटं स्वयंपाकघरात वरच्या फळीवर टाकली. या घरात मला किती जणांना सांभाळायचं होतं बघा. जावयाला फोनवर, बाळाला मांडीवर, शांताबाईंना शब्दात, आणि आता यांना मच्छरदाणीत.

त्यानंतर मात्र सगळं सुरळीत झालं. आकडा आठ. कधी सात, कधी आठ. सलिलचे फोन बदलले. त्याने तो हिरवा आलेख घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, डोंबिवलीत असूनही. त्याच्या आईने मला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आणि एका संध्याकाळी तो आपणहून म्हणाला की आई, हवा इतकी चांगली राहत असेल तर चाळीसच का, दोन महिने राहू दे की त्यांना. मी फोन ठेवून देवापुढे साखर ठेवली. लबाडी करून मिळवलेलं होतं, पण मला ते हवं होतं, हे कबूल करते.

प्रश्न फक्त शनिवार-रविवारचा. सलिल शुक्रवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी सकाळी इथूनच ऑफिसला जायचा. शिळफाट्याला पोहोचला की फोन करायचा, आणि तिथून आमच्या दारात यायला त्याला पाऊण तास लागायचा. रस्त्यावरच्या कोंडीचे आभार मी आयुष्यात तेवढे कधी मानले नव्हते. पाऊण तासात मशीन बाळाच्या खोलीत, शेगडी गच्चीवर, आणि शांताबाईंना निरोप की दोन दिवस नुसती अंघोळ. सोमवारी तो जिना उतरला की पुन्हा सगळं जागच्या जागी.

अशा एका रविवारी पोहे खाताना सलिलने विचारलं की बाबांना हा खोकला कधीपासून आहे. सकाळी हॉलमध्ये झोपलेला असताना त्याला जाग आली होती. मी म्हटलं, वीस वर्षं. तो खोकला नाही, आमचं घड्याळ आहे. सुधीर ताटलीत बघत राहिले.

एकोणतिसाव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली. फोन नाही, काही नाही. दार सुधीरनी उघडलं. मी बाळाच्या खोलीतून ओरडले की दार लगेच लावा, धूर बाहेर जातोय, आणि मान वळवली तर दारात सलिल. खोलीत निखारे फुललेले, शांताबाईंच्या हातात दिशा, आसावरी खाटेवर डोळे मिटून. धूर इतका की त्याचा चेहरा मला नीट दिसेना. माझा त्यालाही दिसला नसावा, तेवढंच बरं.

त्याने खोलीत नजर फिरवली, मग मागच्या खोलीत गेला. तिथे मशीन सुधीरच्या खाटेच्या उशाशी मंद गुणगुणत होतं. हिरवं. सात. तो परत आला आणि पहिल्यांदा त्याने खिडकी उघडली.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"सात, आठ, सात, आठ," तो म्हणाला. "सोमवार ते शुक्रवार. आणि शनिवार-रविवार मी समोर बसलेलो असतो तेव्हा तीस-चाळीस. माणसं असलेल्या खोलीत रोज सात येत नाही, आई. बंद खोलीत येतं. तुम्ही सायन्स शिकवायचात ना?"

हे लागलं. कारण पेपर तपासताना मी असेच चोर पकडायचे. एरवी पस्तीसवर अडकणारा मुलगा एकदम सगळं बरोबर लिहितो, तेव्हा त्याला उभं करून विचारायचे, इतकं बरोबर कसं रे? आज मला उभं केलं होतं.

लागलं म्हणून मी जास्तच चिडले. म्हटलं, तुझ्या कोलशेतला काय हिमालय लागून गेलाय? समोर तीन टॉवरचं बांधकाम चालू आहे, खिडकीवर सिमेंटचा थर बसतो, तो मी या डोळ्यांनी पाहिलाय. म्हटलं, आमची पोरं याच धुरीत वाढली. म्हटलं, इथे माणसांचा भरवसा नाही, डब्याचा आहे. आणखीही काय काय म्हटलं. शांताबाईंनी बाळ आसावरीच्या कुशीत दिलं आणि शेगडी घेऊन त्या गॅलरीत गेल्या. मग सलिल एवढंच म्हणाला की तो दोघींना आजच घेऊन जाईल.

चाळिसातले अजून अकरा दिवस होते. आणि ते वरचे वीस.

तेवढ्यात सुधीर बोलले. दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"तिला बोलू नकोस, सलिल. मशीन माझ्यामुळे तिकडे राहिलं."

मी म्हटलं, तुम्ही मधे पडू नका. पण ते थांबले नाहीत. मी त्यांना एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"पहिल्या आठवड्यात ते रात्री तिथे राहिलं आणि दोन-तीन दिवसांनी मला पहाटे खोकला आलाच नाही. म्हटलं, योगायोग असेल. मग शुक्रवारी मशीन इकडे आलं, रविवारी पहाटे खोकला हजर. ते परत आलं, मंगळवारपासून बंद. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. मला कळलं होतं. बोललो असतो तर हिने ते ठेवलं असतं माझ्याकडे, आणि तू मागवलं असतंस दुसरं, हेही कळत होतं. पण आधी सांगावं लागलं असतं की ते बाळाच्या खोलीत नाहीये." ते थांबले. "बाळाच्या वाटची हवा मी घेत होतो. लाज वाटायची. पण इतक्या वर्षांनी पहाटे झोप लागत होती रे."

मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला एकच गोष्ट सुचत होती. पंधरा दिवसांत कितीतरी पहाटे हा माणूस खोकला नव्हता आणि मला पत्ता नव्हता. ज्या आवाजाने मी वीस वर्षं उठले, तो थांबला, आणि मला कळलंच नाही, कारण आता मी बाळाच्या रडण्याने उठत होते.

खाटेवरून आसावरीचा आवाज आला.

"बाबा, शनिवारी तुम्ही ती डासांची उदबत्ती लावत होता का?"

सुधीर जरा गोंधळले. "शनिवारी मशीन नसायचं ना खोलीत," ते म्हणाले. "सलिलच्या मोबाइलवर दिसणार नव्हतं. मच्छरदाणीत गुदमरायला होतं मला. म्हणून शुक्रवारी, शनिवारी, रविवारी लावायचो. फळीवरची पाकिटं काढून."

आठवीच्या पोरांना मी पहिल्या तासाला शिकवायचे, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. यांच्या खोलीत दोन गोष्टी बदलत होत्या. मशीन यायचं तेव्हा उदबत्ती जायची, मशीन जायचं तेव्हा उदबत्ती यायची. यांनी सगळं श्रेय मशीनला दिलं. मी इतकी वर्षं सगळा दोष कंपनीला दिला. कंपनी सुटून नऊ वर्षं झाली होती. आणि फ्रिजवरच्या महिन्याच्या यादीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं असायचं: तूरडाळ, पोहे, गूळ, डासांची उदबत्ती दोन पाकिटं. पाकिटं संपत आली की मी आठवणीने लिहायचे, यांना डास चावू नयेत म्हणून.

मी स्टुलावर बसले. खोलीत अजून ओव्याचा वास होता, चादरीवर, पडद्यावर, दिशाच्या दुपट्यावर. इतके दिवस तो वास मला आईच्या घरासारखा वाटायचा.

सलिलचा राग कुठल्या कुठे गेला होता. तो उलट सुधीरना म्हणत होता की बाबा, मशीन तुम्ही ठेवा, आम्ही तिकडे दुसरं घेऊ. मला वाटलं, आता हा विरघळला, आता राहतील. धुरी बंद करते म्हणायला मी तोंड उघडलं. पण आसावरी आधी बोलली. ती दिशाच्या दुपट्याला नाक लावून बसली होती.

"आई, मी जाते," ती म्हणाली. "सलिल नेतोय म्हणून नाही. मी पण हो म्हटलेलं ना. मला झोप हवी होती, बास. आता या खोलीत मला झोप येणार नाही."

सलिलने नेली असती तर मला रागावता तरी आलं असतं. वर्षभर पुरवलं असतं मी ते. लेकीवर कशी रागावू?

दुपारपर्यंत सामान भरलं. डिंकाचे लाडू, बाळंतकाढा, झबली, टोपरी. शांताबाईंना निरोप द्यायला गॅलरीत गेले तर त्यांनी निखाऱ्यांवर पाणी ओतलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीला अंगाला लावाला कोन येल थय?" त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते मी दूर करू शकत नव्हते.

निघताना आसावरीने माझा हात धरला आणि म्हणाली की तू पण चल, अकरा दिवस तिकडे कर. माझी पिशवी भरायला वेळ लागला नसता. माझ्या आईने मला मूल होईपर्यंत माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, पण मूल झाल्यावर काही आडकाठी नसते. चपला घालायला मी खाली वाकलेसुद्धा. मग मागच्या खोलीत खिळ्याला लटकलेली मच्छरदाणी दिसली, एका बाजूने सुटलेली. मी आसावरीला म्हटलं, मी येईन दोन-चार दिवसांनी, इथे जरा काम आहे. मशीनही मी त्यांच्या गाडीत ठेवायला लावलं. सलिल नको नको म्हणत होता. मी म्हटलं, बाळाचं आहे ते, आणि मला इथे एक प्रयोग पुरा करायचाय, एका वेळी एकच गोष्ट.

उदबत्तीची पाकिटं मी घंटागाडीत टाकली. खिडकीला जाळी बसवून घेतली, जी दहा वर्षांपूर्वी बसवायची होती. सुधीर मच्छरदाणीत गुदमरतं म्हणाले, तर मी म्हटलं, गुदमरा, पण त्यातच. शुक्रवारी पहाटे मी साडेपाचला जागी झाले, नुसतीच. शनिवारीही. पण खरी कसोटी रविवारी होती, कारण गेले दोन्ही रविवार त्यांनी खोकून काढले होते.

रविवारी मी सव्वापाचपासूनच जागी होते. मोठ्या खोलीत मी एकटी. पाळण्याची दोरी अजून हुकाला होती. साडेपाच झाले. पाच पस्तीस. खोकला नाही. बाळाचं रडणं नाही. मशीनची घरघर नाही. घरात इतकी शांतता मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती, आणि मला ती सहन होईना. पावणेसहाला मी उठले आणि मागच्या खोलीत गेले. अंधारात मच्छरदाणीपाशी उभी राहिले. ते कुशीवर होते, हलत नव्हते. मी जाळी वर केली आणि त्यांच्या नाकापाशी हात धरला.

"आहे मी," ते डोळे न उघडता म्हणाले.

मी खाटेच्या कडेवर बसले. किती वर्षं मी त्या खोकल्यावर वैतागले, उशी कानावर घेतली, मनालींना हसून सांगितलं. पण त्या वेळी उठून या खोलीत मी एकदाही आले नव्हते. आले असते तर बंद खोलीतला रात्रभराचा तो वास पहिल्याच दिवशी नाकात गेला असता. दहा पावलांचं अंतर आहे. मी ओट्याकडे वळायचे, चहा टाकायला.

मला रडू आलं आणि त्यांना ते कळलं. त्यांनी मच्छरदाणीतून हात बाहेर काढून माझ्या मनगटावर ठेवला.

"चहाची वेळ झाली," ते म्हणाले. "आता खोकला नाही म्हटल्यावर तुला कळणार कसं, म्हणून सांगतो."

मी टाकते म्हणाले. पण उजाडेपर्यंत तिथून उठले नाही.